सिनेमा निसटला, धून मात्र राहिली

वाचकाचा प्रश्न

फोंडा तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. पुण्याला नोकरी करणारा मुलगा सुट्टीत घरी आला आणि त्याने त्यांना 'क्लाउड ॲटलस' हा २०१२ सालचा इंग्रजी सिनेमा दाखवला. सहा काळांतल्या सहा कथा, त्याही एकमेकींत मिसळलेल्या, आणि तेच तेच नट वेगवेगळ्या वेषांत. तासाभरातच कोण कुठला आणि आत्ता साल कोणते, याचा त्यांचा हिशेब सुटला. दोनदा विचारल्यावर मुलगा म्हणाला, 'आई, राहू दे, हा तुझा सिनेमा नव्हे.' ते त्यांना लागले. पण त्यातली एक धून तेव्हापासून डोक्यातून जात नाही. गावच्या महिला भजनी मंडळात त्या पेटी वाजवतात. पेटीवर ती हाताला लागते का, तेही त्यांनी करून पाहिले. त्यांचा दहा-बारा मैत्रिणींचा गट दर महिन्याला कुणाच्या तरी घरी जमतो आणि एखाद्या पुस्तकावर किंवा सिनेमावर बोलतो. पुढची पाळी त्यांची आहे. त्या विचारतात: माझी समज कमी पडली, की सिनेमाच उगाच अवघड करून ठेवला आहे? कथा न कळता नुसत्या संगीतासाठी सिनेमा आवडणे हे खुळेपण नाही का? आणि गटाला हा दाखवायचा तर आधी सगळी गोष्ट समजावून सांगू, की सरळ दुसरा सोपा सिनेमा निवडू?

बाई,

संगीत आवडले हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, संकोचत लिहिले आहे. सुरुवात तिथूनच करू या. या सिनेमात ती धून म्हणजे कथेतली एक वस्तूच आहे. ती लिहिली जाते, तिच्यावरून भांडण होते, तिची रेकॉर्ड निघते आणि कुणीतरी ती रेकॉर्ड हुडकत येते.

१९३६ साली एडिंबरात रॉबर्ट फ्रोबिशर हा तरुण, कफल्लक संगीतकार व्हिव्हियन एअर्स या नामवंत, म्हाताऱ्या संगीतकाराकडे लेखनिक म्हणून राहतो. एअर्सने गुणगुणायचे, याने ते स्वरलिपीत उतरवायचे. तिथेच फ्रोबिशर स्वतःची एक रचना लिहितो, सहा वाद्यांसाठी, आणि तिलाच 'क्लाउड ॲटलस' नाव देतो. रचना कुणाची, यावरून दोघांचे फाटते. पुढे १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतली पत्रकार लुईसा रे त्या रचनेची दुर्मीळ रेकॉर्ड शोधत एका दुकानात येते, तर दुकानात तीच वाजत असते. लुईसा थबकते. हे आपल्या ओळखीचे आहे असे तिला वाटते, आणि ते तर शक्य नसते. आता काउंटरमागच्या विक्रेत्याचा चेहरा नीट बघा. तो बेन व्हिशॉ आहे, म्हणजे फ्रोबिशरचे काम करणाराच नट. ज्याने धून लिहिली तोच दुसऱ्या जन्मात म्हणा, दुसऱ्या वेषात म्हणा, ती विकायला उभा आहे आणि त्याला त्याचा पत्ता नाही. छोटेसेच दृश्य आहे, पण बाकी काही पुन्हा पाहिले नाहीत तरी एवढे पाहाच. तुमचे जे झाले, म्हणजे मागचे-पुढचे काही ठाऊक नाही आणि धून मात्र ओळखीची होऊन बसली, तेच त्या दुकानात लुईसाचे होते. दिग्दर्शकांना प्रेक्षकाकडून जे हवे होते, त्यातले बरेचसे तुमच्याकडून आपसूकच घडले आहे.

(तुमच्याच तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून अंतराळात गेली. केसरबाई त्याच वर्षी वारल्या. यानांचा प्रवास अजून चालू आहे. गाणाऱ्याच्या मागे गाणे कुठवर जाते, हा प्रश्न फोंड्यात राहणाऱ्या माणसाला परका वाटू नये.)

दुसरी गोष्ट हा सिनेमा बनला कसा याची. बहुतेक सिनेमांत आधी चित्रीकरण, मग संकलन आणि त्यानंतर पार्श्वसंगीत, असा क्रम असतो. इथे दिग्दर्शक तीन: लाना आणि लिली वाचोव्स्की या बहिणी आणि जर्मनीचा टॉम टिक्वर. टिक्वर स्वतः संगीतकारही आहे. जॉनी क्लिमेक आणि राइनहोल्ड हाइल या दोघांबरोबर त्याने मुख्य धून चित्रीकरण सुरू होण्याआधीच बांधली होती. चित्रीकरणही वाटून घेतलेले: १८४९ ची कथा आणि भविष्यातल्या दोन कथा वाचोव्स्की भगिनींकडे, तर १९३६, १९७३ आणि २०१२ या तीन टिक्वरकडे. दोन वेगळ्या तुकड्यांनी चित्रित केलेल्या सहा कथा एकाच सिनेमाच्या वाटायच्या तर सगळ्यांमधून काहीतरी सलग जायला हवे. ते काम धुनेवर सोपवलेले आहे. छोट्या ख्यालात गायक तान घेऊन कितीही लांब गेला तरी मुखडा आला की पेटीवर बसलेल्याला आपण कुठे आहोत ते कळते. या सिनेमात तसाच भरवसा त्या धुनेवर ठेवायचा.

हे करायचे कसे? सिनेमा पुन्हा लावण्याआधी त्याच्या ध्वनिमुद्रिकेतले दोनच तुकडे ऐका: 'सेक्सटेट'ची, म्हणजे फ्रोबिशरच्या त्या सहा वाद्यांच्या रचनेची, वाद्यवृंदातली आवृत्ती आणि शेवटच्या श्रेयनामावलीवर वाजणारा तुकडा. हेडफोन लावून, दोन-तीन दिवस, रोज एकदा. मग पहिली ओळ पेटीवर शोधा. सूर सापडतील, पण धून काहीशी उघडी, अर्धवट वाटेल. हात चुकला असे समजू नका. आपल्या गाण्यात खाली षड्ज स्थिर असतो आणि जे घडायचे ते वरच्या सुरावटीत घडते. पाश्चात्त्य रचनेत वरची ओळ तीच ठेवून खालचे आधाराचे सूर हलवतात, आणि त्याने त्याच ओळीचा भाव पालटतो. पेटीवर डावा हात भात्यात गुंतलेला, म्हणून खालचा सूर धरायला दुसरे कुणीतरी लागेल. मंडळातल्या एखादीला दुसऱ्या पेटीवर आधी सा धरायला सांगा आणि तुम्ही ओळ वाजवा. मग तिला मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, म धरायला सांगा, तीच ओळ पुन्हा. मग मंद्र ध. काही जागी खटकेल, काही जागी एकदम खोली येईल. एवढे केल्यावर सिनेमात ती धून कधी उदास, कधी आशेची का वाटते, हे तुम्हाला कानाने कळेल आणि त्यासाठी कुणाच्या स्पष्टीकरणाची गरज उरणार नाही.

सिनेमा चालू असताना एकच लक्षात ठेवा. काळ बदलतो पण खालचे संगीत तुटत नाही, अशा जागी ती दोन दृश्ये शेजारी ठेवून पाहायची असतात. उत्तम नमुना म्हणजे शिडकाठीचा प्रसंग. १८४९ च्या जहाजावर लपून आलेला ओटुआ हा पळालेला गुलाम आपण कसलेला खलाशी आहोत हे सिद्ध करायला उंच डोलकाठीवर चढतो आणि आडव्या काठीवरून चालत जातो. खाली त्याच्यावर बंदूक रोखलेली असते. मध्येच चित्र २१४४ मधल्या निओ सोल या भविष्यातल्या शहरात जाते. तिथे दोन इमारतींच्या मधल्या अरुंद पुलावरून दोघे जीव मुठीत धरून निघालेले असतात, त्यांच्यावरही नेम धरलेला. पुन्हा काठी, पुन्हा पूल. दोन्हीकडे पायाखाली वीतभर जागा आणि मागे मालकाची बंदूक. ओटुआ कोण, सोलमधले ते कोण, हे त्या क्षणी आठवले नाही तरी काही बिघडत नाही. गुलामाने आपले माणूसपण सिद्ध करायचे आणि तेही मालक म्हणेल तसे, ही दोन्ही दृश्यांची गोष्ट डोळ्यांना आणि कानांना आधीच कळलेली असते.

आता हिशेब सुटण्याबद्दल. तुम्ही धरून चालला आहात की सिनेमा कळणे म्हणजे कोण, कुठे, केव्हा हे कोणत्याही क्षणी सांगता येणे. ती कसोटी लावली तर पहिल्यांदा पाहणाऱ्यांतले फार थोडे पास होतील. दर नोव्हेंबरात पणजीला इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात असे सिनेमे रांगा लावून पाहणारे कितीतरी लोक बाहेर पडताना 'कळले नाही' म्हणायला कचरतात, एवढेच. मुळात हा सिनेमा डेव्हिड मिचेलच्या २००४ च्या कादंबरीवर आहे आणि कादंबरीची मांडणी बरीच शिस्तीची आहे. पहिल्या पाच कथा एकेक करून अर्ध्यावर तुटतात, सहावी सलग सांगून होते आणि मग पाचवी, चौथी, तिसरी अशा उलट्या क्रमाने उरलेले अर्धे पूर्ण होत जातात. वाचकाला एका काळात निवांत बसता येते, मागचे पान उलटता येते. सिनेमाने ही चळत मोडली आणि सहाही कथा एकत्र कापल्या. कधी एका काळात बराच वेळ, कधी नुसते काही सेकंद. गोंधळ होतो तो या कापण्यामुळे. तो अंगावर घेऊ नका.

त्यावर उपाय म्हणजे सहा ओळींची चिठ्ठी. तुम्ही म्हणता तशी पूर्ण गोष्ट लिहून काढाल तर पाहणारीचे लक्ष पडद्यावरून उडून कागदाशी ताळा जमवण्यात जाईल. एवढेच लिहा आणि प्रत्येकीच्या हातात द्या:

१८४९, प्रशांत महासागर. ॲडम युइंग, तरुण वकील, जहाजावर आजारी. तो रोजनिशी लिहितो.

१९३६, एडिंबरा. फ्रोबिशर, संगीतकार. तो सिक्सस्मिथ या प्रियकराला पत्रे लिहितो.

१९७३, सॅन फ्रान्सिस्को. लुईसा रे, पत्रकार, अणुभट्टीतले लपवलेले सत्य. हिच्या शोधावर रहस्यकथेचे हस्तलिखित तयार होते.

२०१२, ब्रिटन. टिमथी कॅव्हेंडिश, म्हातारा प्रकाशक, वृद्धाश्रमात कोंडलेला. याच्या हकिगतीचा सिनेमा निघतो.

२१४४, निओ सोल. सोनमी-४५१, उपाहारगृहात राबण्यासाठीच घडवलेली मुलगी. तिची जबानी नोंदवली जाते.

जगाच्या पतनानंतर १०६ हिवाळे, एक बेट. झॅक्री, शेळ्या राखणारा. ही गोष्ट तोंडी सांगितलेली आहे.

प्रत्येक ओळीच्या शेवटी जी नोंद आहे, रोजनिशी, पत्रे, हस्तलिखित वगैरे, तीच धरून ठेवायची. कारण प्रत्येक काळातला माणूस आधीच्या काळातली नोंद वाचतो किंवा पाहतो. फ्रोबिशरला एअर्सच्या घरात युइंगची रोजनिशी मिळते, तीही अर्धी फाटलेली. लुईसा फ्रोबिशरची पत्रे वाचते. कॅव्हेंडिशच्या हातात लुईसावरचे हस्तलिखित येते. सोनमी कॅव्हेंडिशवरच्या सिनेमाचा तुकडा पाहते. झॅक्रीचे लोक सोनमीला देवी मानतात. माणूस मेल्यावर त्याचे काहीतरी पुढे पोचते, पण अर्धे, फाटके, भलत्याच अर्थाने. आणि तरीही पुढच्याच्या उपयोगी पडते. सहा कथांची वीण म्हणतात ती ही. प्रत्येक कथेतल्या एका पात्राच्या अंगावर धूमकेतूच्या आकाराची जन्मखूणही दाखवली आहे. तिच्या मागे फार लागू नका. ती ठळक आहे म्हणून सगळे तिच्याबद्दल बोलतात, पण वाचण्याची ही साखळी तिच्यापेक्षा पुष्कळ अर्थपूर्ण आहे.

तुमचा हिशेब नेमका कुठे सुटला असेल, याचाही अंदाज आहे: चेहऱ्यांपाशी. टॉम हँक्स, हॅली बेरी, जिम ब्रॉडबेंट, ह्यूगो वीव्हिंग, जिम स्टर्जेस, बे डूना ही मंडळी वय, वंश, काही वेळा लिंगही बदलून पुन्हा पुन्हा येतात. वृद्धाश्रमातली ती दांडगी परिचारिका म्हणजे वीव्हिंग आहे. पहिल्यांदा पाहताना 'हा तोच का?' हा खेळ सुरू झाला की माणूस नाक-डोळे तपासत बसतो. तेवढ्यात दोन वाक्ये आणि एक सांधा निसटतो, मग विचारावे लागते, मग आणखी निसटते. म्हणून हा खेळ सरळ दुसऱ्या खेपेला ठेवा. शेवटच्या श्रेयनामावलीत प्रत्येक नटाची सगळी रूपे ओळीने दाखवली आहेत, तेव्हा उत्तरे तिथे मिळतातच. दुसऱ्या खेपेला मात्र दोन नटांवर नजर ठेवा. वीव्हिंग जवळपास प्रत्येक काळात दडपणाऱ्यांच्या बाजूला असतो. हँक्स १८४९ मध्ये युइंगला उपचाराच्या नावाखाली विष देणारा लोभी डॉक्टर आहे, आणि शेवटच्या काळात तोच भित्रा पण चांगुलपणाकडे धडपडणारा झॅक्री. एक नट एकाच जागी राहतो, दुसरा हळूहळू बदलतो.

सिनेमा उगाच अवघड केला आहे का? या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंनी द्यायला हवे.

बाजूने आधी. सहा कथा सहा जातींच्या आहेत: सागरी साहसकथा, पत्रांतून उलगडणारी प्रेमकथा, सत्तरच्या दशकातला थरारपट, ब्रिटिश विनोदी प्रहसन, विज्ञानकथा आणि जगबुडीनंतरची टोळीकथा. म्हाताऱ्यांच्या वृद्धाश्रमातून पळण्यावर आपण हसत असतो आणि पुढच्याच क्षणी सोनमीचे पळणे अंगावर काटा आणते. 'हसावे की घाबरावे ते कळेना' ही तक्रार इथूनच येते. पण दोन्ही कथा कोंडलेल्या माणसाच्या सुटकेच्याच आहेत. तेच दुःख एका काळात गमतीचे दिसते आणि दुसऱ्या काळात भीषण, हे एका जातीच्या सिनेमात दाखवता आले नसते. मला यातली सर्वांत अंगावर येणारी जागा वाटते ती एअर्सच्या स्वप्नाची. १९३६ मध्ये तो म्हातारा सांगतो की स्वप्नात त्याला जमिनीखालचे लख्ख उजेडाचे उपाहारगृह दिसले, बाहेर पडायला वाट नाही आणि वाढणाऱ्या सगळ्या मुलींचा चेहरा एकच. तिथे त्याने एक सुरावट ऐकली. बोलणे एवढेच. पण सोनमीचे उपाहारगृह पाहिलेल्या प्रेक्षकाला तो काय पाहून आला आहे हे ठाऊक असते, आणि सुरावट नक्की कुठून आली हा प्रश्न मागे राहतो.

आता विरुद्ध बाजू, कारण तुमच्या गटात कुणीतरी ती मांडणारच आणि तिला गप्प करू नये. सगळे जीव एकमेकांत गुंतलेले आहेत, हे पात्रांच्या तोंडून जरा जास्तच वेळा वदवले आहे. प्रेक्षकाने दृश्यांतून ते आधीच घेतलेले असते. शेवटच्या काळातली मोडकी, बनवलेली इंग्रजी कानाला जड जाते आणि त्या भागात कथा रेंगाळते. सर्वांत गंभीर आक्षेप रंगभूषेवर आहे. निओ सोलच्या कथेत पाश्चात्त्य नटांच्या डोळ्यांवर कृत्रिम पापण्या चिकटवून त्यांना पूर्व आशियाई केले आहे, आणि अमेरिकेतल्या आशियाई लोकांच्या संघटनेने त्यावर उघड नाराजी व्यक्त केली होती. बाजू घेणारे सांगतात की कोरियाच्या बे डूनालाही १८४९ च्या कथेत गोरी बाई केले आहे, सगळेच सगळे होतात हाच तर मुद्दा. तरी हॉलिवूडने आशियाई भूमिका वर्षानुवर्षे गोऱ्या नटांना देऊन त्यांची टर उडवली आहे, त्या पार्श्वभूमीवर हे दोन्ही बदल एका तागडीत बसत नाहीत. माझ्या मते सिनेमा इथे चुकला आहे, आणि हे मान्य करूनही तो आवडू शकतो.

कथा एकत्र कापण्याची खोड नवीनही नाही. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ या अमेरिकी दिग्दर्शकाने १९१६ साली 'इनटॉलरन्स'मध्ये चार काळ असेच मिसळले होते. त्याने फिल्मला काळानुसार वेगवेगळ्या रंगछटा दिल्या आणि मध्ये मध्ये पाळणा हलवणारी एक बाई दाखवली, लोकांना धरायला काहीतरी असावे म्हणून. तिथे पाळणा होता, इथे धून आहे. असा कोणताही सिनेमा समोर आला की पहिल्या पंधरा मिनिटांत हेच शोधायचे: पुन्हा पुन्हा काय येते आहे? वस्तू, रंग, आवाज, काहीही असेल. ते सापडले की कथा थोडी सुटली तरी चालते.

गटाला दाखवायचा का? दाखवा, पण तयारी करून. सिनेमा १७२ मिनिटांचा आहे. दुपारी तीनला सुरू केलात आणि मध्ये वीस मिनिटे चहाला दिलीत तर सव्वासहाला संपतो, दिवेलागणीला बायका घरी पोचतात. मध्यंतर सुमारे दीड तासाने घ्या, पण घड्याळ बघून मध्येच थांबवू नका. एखादा सलग संवाद संपू द्या. काळांची अदलाबदल भराभर चालू असताना तोडलात तर परत धागा सापडत नाही. सुरुवातीला कुणालाही उशिरा येऊ देऊ नका, कारण पहिल्या काही मिनिटांतच सहाही कथांची तोंडओळख उरकली जाते. इंग्रजी उपशीर्षके पहिल्यांदा चालू ठेवा. शेवटच्या काळातली भाषा त्याशिवाय कळणार नाही.

आवाजाची काळजी सर्वांत जास्त घ्या. घरच्या टीव्हीवर नेहमीची अडचण म्हणजे संगीत दणदणीत आणि बोलणे पुटपुटल्यासारखे. सिनेमाच्या आवाजात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. टीव्ही किंवा त्याला जोडलेला डबा पाच-सहा स्पीकरांचा आवाज सोडत असेल आणि तुमच्याकडे दोनच असतील, तर मधला भाग दबतो. सेटिंगमध्ये जाऊन आवाज 'स्टिरिओ' किंवा 'पीसीएम' करा, बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. आवाज बारीक-मोठा सारखा करणारी 'नाइट मोड'सारखी सोय मात्र बंद ठेवा. तिच्यामुळे संवाद स्पष्ट होतात, पण धून हळूहळू चढत जाते तो चढच सपाट होतो. चित्राच्या सेटिंगमधली 'मोशन स्मूदिंग' नावाची गुळगुळीत करणारी सोयही बंद करा, नाहीतर सगळे काळ टीव्हीवरच्या मालिकेसारखे दिसतात. पावसाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत हा सिनेमा लावू नका. सर आली की पियानोचे हळू सूर आधी जातात.

मैत्रिणींना आधीच सांगून ठेवा की एका कथेत आत्महत्या आहे, गळा चिरण्याची हिंसा आहे आणि काही उघडी शृंगारदृश्ये आहेत. कुणाच्या घरी अलीकडे तसे काही घडले असेल तर तिला न येण्याची मोकळीक हवी. नातवंडांना बरोबर आणू नये. आणि ही बैठक घरातच ठेवा. वाचनालयाच्या सभागृहात जाहीर खेळ लावायचा तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते, घरी सिनेमे पाहण्यासाठी भरलेल्या वर्गणीवर ते चालत नाही.

गोष्ट समजावून सांगायची नाही. त्याऐवजी सुरू करण्याआधी पेटीवर ती ओळ दोनदा वाजवून दाखवा आणि एवढेच सांगा: ही ऐकू आली की चिठ्ठीवर त्या काळापुढे एक रेघ ओढा. संपल्यावर रेघांवरूनच बोलणे सुरू होते. कुणाच्या कुठल्या काळात जास्त, कुणाला एकदाही ऐकूच आली नाही, हे सगळे उपयोगाचे. 'शेवटी काय झाले?' हा प्रश्न उशिरा येऊ द्या. त्याऐवजी 'कुठल्या काळातून उठावेसे वाटले नाही?' हे विचारा. उत्तरे वेगवेगळी येतील आणि जिला विनोदी कथाच आवडली, तीही आत्मविश्वासाने बोलेल.

मुलाबद्दल. त्याचे बोलणे लागण्यासारखे होते, पण त्यात बहुधा तुच्छता नसावी. आपला आवडता सिनेमा दुसऱ्याला दाखवताना माणूस अधीर होतो आणि प्रश्न आला की चिडतो. त्याला फोन करून सिनेमा समजावून मागू नका. त्याला विचारा, त्याला तो का आवडतो, कुठल्या जागी. आणि पेटीवरचा प्रयोग, खालचा सूर बदलल्यावर ओळ कशी पालटते तो, त्याला ऐकवा. ते त्याला ठाऊक असण्याची शक्यता कमी आहे, आणि तिथे तुम्ही त्याला काही दाखवू शकता.

चतुर्थीच्या दिवसांत भजनांमुळे तुम्हालाच फुरसत नसेल, म्हणून बैठक त्यानंतरची धरा. एवढा लांब सिनेमा एकदम नको असे गटाचे म्हणणे पडले, तर आधी सचिन कुंडलकरचा 'गंध' हा २००९ चा मराठी सिनेमा लावा. त्यात तीन कथा एकामागोमाग येतात, कापाकापी नाही, आणि तिन्हींना जोडणारी गोष्ट वास आहे. भाषेची अडचण नाही, लांबीही बेताची. त्याच्यावर बोलून झाले की पुढच्या महिन्यात सहा कथांकडे वळा. तोवर पेटीवरची ती ओळ हातात बसलेली असेल.